पाहुणीचं पहिलं पाणी

"बाबा, तुमची खरी मुलगी कोण? मी की हात्सुनो?"

वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून सुमिएने सकाळी जेवताना विचारूनच टाकलं. आईच्या हातातला भाताचा वाडगा हवेतच राहिला.

बाबा मिशीत हसले. "मुलगी तू. ती पाहुणी."

झालं! म्हणजे सगळं पाहुणीला. पंधरा वर्षं बाबा युरोपातल्या वकिलातींमध्ये. सुमिएच्या वाट्याला नुसती रंगीत कार्डं. आता कुठे तोक्योला परतून त्यांनी क्रीडा संघटनेचं काम घेतलं, तर बर्फाळ खेड्यातून ही धावपटू आणून घरात ठेवली. पहाटे तिच्यामागे घड्याळ घेऊन बाबा. येत्या उन्हाळ्यात स्पर्धेसाठी तिला घेऊन बोटीने पुन्हा युरोपला जाणार बाबा. आणि रोज संध्याकाळी न्हाणीघरातल्या कढत पाण्याच्या लाकडी टाकीत पहिली उतरणार तीच, मग बाबा, मग आई. सुमिएची पाळी येईपर्यंत त्याच पाण्याचं पार कोमट काहीतरी झालेलं!

त्या संध्याकाळी सुमिएने अंग घासलं आणि ती सरळ टाकीत उतरली. सगळ्यांच्या आधी!

दार सरकलं. पंचा घेऊन हात्सुनो उभी.

"बघतेस काय? आज मी पहिली!"

"देव पावला!" हात्सुनो मटकन खालीच बसली. "रोज भाजून निघते हो मी, सुमिएताई. घरी नऊ जणांत माझा नंबर आठवा. पण पाहुणीने यजमानाला नाही कसं म्हणायचं?"

सुमिएला हसू फुटलं. तिने ते गिळलं. "मग युरोपच्या बोटीवर काय करशील? तिथेही तू बाबांची पाहुणीच!"

"कुठली बोट! सोबतीला कुणी बाई-मुलगी मिळेना. एकट्या मुलीला पुरुषांबरोबर धाडायचं नाही, म्हणून संघटना अडून बसलीय. साहेब बाकीच्या अधिकाऱ्यांबरोबर जातील, मी माझ्या गावी."

बरं झालं! सुमिएच्या मनात पहिलं तेच आलं. दुसरं मात्र झोंबलं. ही राहिली तरी बाबा जाणारच. आणि आपण पुन्हा बंदरावर, बोटीला बांधलेली निरोपाची कागदी फीत तुटेपर्यंत धरून!

ती लालबुंद होऊन ओल्या केसांनीच बैठकीत शिरली.

"अगं, बाबांच्या आधी अंघोळ?" आई किंचाळली.

"हो. आणि ऐका दोघं. हात्सुनोच्या सोबतीला मी जाणार. शाळेत उद्या मीच सांगते. ती मला आवडते म्हणून नाही हं, मुळीच नाही! पण बाबा, या वेळी बोटीवर तुम्ही तिच्या एकटीचे नसणार."