सातवा शिंपला

"अजून एक," गुलिझार म्हणाली.

शेहमूसने परातीतून भरला शिंपला उचलला. अंगठ्याने वरचं कवच सरकवून शिंपला क्षणभर नाकाजवळ नेला, लिंबू पिळलं आणि तिच्या हातावर ठेवला. तिने वरच्याच कवचाने आतला मसाल्याचा भात खरवडून तोंडात टाकला. हा सहावा होता. शिंपलेवाल्याने देत राहायचं आणि खाणाऱ्याने बास म्हणेपर्यंत खायचं, अशी इझमीरच्या धक्क्यावरची रीत.

तिचा नवरा दुर्सुन दोन पावलं लांब उभा राहून बोटीकडे बघत होता.

"आत काय बसलंय ते तरी बघ खाण्याआधी. नुसतं काळं."

"तुझ्यापेक्षा बरं दिसतं," ती म्हणाली. "काका, आम्ही योझगातचे. काल बसने आलो, नणंदेकडे. यांनी समुद्र पाहिला आणि म्हणाले, एवढं पाणी वाया जातंय."

शेहमूस हसला. तोही आतल्याच मुलखातला, मार्दिनचा; समुद्र तिथून फार लांब. धक्क्यावर शिंपले विकणारे बहुतेक सगळे तिकडचेच. तो इथे उभा राहायला लागला त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्याने सातवा शिंपला उचलला.

"आता बास कर," दुर्सुन म्हणाला. "तिसरा महिना आहे तुला."

शेहमूसचा हात थांबला.

"मग? डोहाळे आहेत माझे. दोन महिने पोटात भाकरी ठरली नाही, हे ठरतंय." ती शेहमूसकडे वळली. "तुम्हीच सांगा काका, डोहाळ्याला नाही म्हटलं तर पोराच्या अंगावर डाग उठतो की नाही?"

"म्हणतात तसं," शेहमूस म्हणाला.

"ऐकलंस? आणि हे काका एकेक हुंगून देतात. मी पहिल्यापासून बघतेय. रस्त्यावरचं खायला मीही घाबरत होते, यांचं नाक बघितलं आणि भीती गेली."

तिने हात पुढे केला.

सकाळी बायकोने वास घ्यायचा, दुपारी आपण, अशी शेहमूस आणि त्याची बायको हेदिये यांची वाटणी होती. हेदिये पहाटे शिंपले उघडायची, एकेक हुंगायची, जरा शंका आली की टाकून द्यायची. दुपारच्या उन्हात एखाद्याचं कवच तडकतं, आतला माल नासतो. तो ओळखणं शेहमूसचं काम. फेब्रुवारीत त्याला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण त्याच्याबरोबर वास गेला. चहाचा गेला, साबणाचा गेला, समुद्राचा गेला. येईल परत, असं म्हणत आता ऑगस्ट लागला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बर्फ दुप्पट टाकत होता, दुपारी लवकर आवरत होता. हात मात्र प्रत्येक शिंपला नाकाशी नेत होता.

"द्या ना," गुलिझार म्हणाली.

"नाही द्यायचा, पोरी."

"काय?"

"संपले."

तिने परातीकडे पाहिलं. शंभरावर शिंपले ओळीने चमकत होते.

"चेष्टा करता का काका?"

"मला वास येत नाही," शेहमूस म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

आता दुर्सुन जवळ आला. "मग मघापासून नाकाला काय लावत होतात?"

"सवय."

"सवय? बायको पोटुशी आहे माझी!"

"आता कळलं मला. आज पोटात दुखलं, उलटी झाली तर थांबू नका. सरळ दवाखान्यात न्या आणि शिंपले खाल्ले म्हणून सांगा. मी रोज इथेच असतो. माझं नाव शेहमूस."

दुर्सुनने तिचा दंड धरला. जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. रागावली नव्हती. सातवा शिंपला अजून शेहमूसच्या हातात होता, तिने त्याच्याकडेच पाहिलं. शेहमूसने तो कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवला, परातीवर ओलं फडकं टाकलं आणि चालू लागला.

घरी हेदियेने दार उघडलं, भरलेली परात पाहिली. एकतीस वर्षांत एवढी भरलेली परात घरी आली नव्हती.

"हुंग," तो म्हणाला.

का, असं तिने विचारलं नाही. गेल्या महिन्यात पातेल्यात कांदा करपून कोळसा झाला होता, आणि हा शेजारीच बसून पेपर वाचत होता. ती खाली बसली, परात पुढ्यात ओढली आणि एकेक उघडून नाकाशी नेऊ लागली. चांगला, चांगला, चांगला. तो समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तासाभराने परात संपली. एकही वाईट निघाला नाही.

मग त्याने खिशातला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिने उघडला. कवचाच्या कडेला केसासारखी चीर होती. नाकापर्यंत न्यायच्या आतच तिने तोंड फिरवलं.

"हा कुणाला देत होतास?"

"एका पोरीला. तिसरा महिना होता."

हेदियेने शिंपला कागदासकट बाहेर नेऊन टाकला. परत येऊन नळाखाली हात धुतले, अर्धं लिंबू घेऊन नखांपर्यंत चोळले. लग्न झाल्यापासून रोज हात धुतले की ती ते त्याच्यासमोर धरायची आणि विचारायची, "गेला का वास?" फेब्रुवारीपासून तो रोज वाकून, थोडा थांबून, "गेला," म्हणत आला होता. आज तिने विचारलं नाही. हात फडक्याला पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

शेहमूस उठला. नळाखाली हात धरले. तेच लिंबू घेऊन बराच वेळ चोळत राहिला. मग तिच्यापाशी जाऊन ओले हात तिच्यासमोर धरले.

"गेला का बघ."

ती वाकली.

"नाही," ती म्हणाली.

तो पुन्हा नळाकडे गेला.