एकवीस तास

बर्फाच्या लादीला लाकडाच्या भुशाचा एक कण चिकटला होता—आईच्या डाव्या पावलापाशी—आणि लादी वितळेल तसा तो तिच्या टाचेकडे सरकत होता. जयवंत सकाळपासून तेवढंच बघत होता. दुपारचे दोन वाजले होते. थोरल्या भावाचं, विद्याधरचं विमान आपल्या घड्याळाने सकाळी सहाला न्यूयॉर्कहून सुटलं. आठ तास झाले. तेरा राहिले.

एकवीस तास, साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये लंडनचा थांबा... थोरल्याने हे सगळं एका निळ्या हवाईपत्रात लिहिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं, तरी पत्र तिच्या उशाखाली असायचं, आणि दिंडोशीवरून विमान गेलं की ती ते चाचपायची. जयवंतला राग यायचा. नऊ वर्षं तिचं अंथरूण मी काढलं, आणि उशाखाली मात्र तो.

सोमवारी तिला धाप लागली. "विद्याक कळय," ती म्हणाली. जयवंत फोन करायला खालच्या शुभाताईंकडे निघाला आणि जिन्यातच थांबला. गेल्या खेपेला विद्याधर धावत आला, तर आई उठून बसून पेज पीत होती. "जरा खात्री करून बोलवत जा ना रे," तो हसत म्हणाला होता. ते हसणं जयवंतला अजून झोंबत होतं. पाच मिनिटं जिन्यात उभा राहून तो वर आला आणि म्हणाला, "निघाला. एकवीस तास लागतात, आई."

ती बोटांच्या पेरांवर तास मोजायला लागली. मंगळवारी म्हणाली, "खंय पावलो?"

"लंडनला. धुकं आहे तिथे. विमानं अडकलीत."

हे त्याला किती सहज सुचलं! बुधवारी तिने विचारलंच नाही. संध्याकाळी दाराकडे तोंड करून ती गेली, आणि मग त्याने विद्याधरला फोन केला. तिला ते खरं वाटलं होतं... वाटलं होतं ना? मग विचारणं का सोडलं तिने?

काल रात्री मुलुंडहून आलेला काशीराममामा शेजारी येऊन बसला. "जयवंता, आईच्या चितेक धाकट्याचोच हात लागता. तू आसंस मां हंय? मगे थोरल्याची वाट कित्याक बघतंस?"

मामाचं बरोबर होतं. आत्ता उचललं तर पाचपर्यंत सगळं उरकेल. मग विद्याधरने कितीही विचारलं तरी सांगता येईल, अचानक गेली रे. पण ती अशी समोर असताना त्याने विचारलं, कधीपासून आजारी होती, तर... तर मला खोटं बोलता येणार नाही. आणि खरंही.

"थांबूया," जयवंत म्हणाला. त्याचा त्यालाच धक्का बसला.

"आनि बर्फ?"

"आणखी आणू."

मामा उठून गेला. जयवंतने अंगठ्याने भुशाचा कण पुसला. पाऊल गारठलेलं होतं. खाली वाकून तो हळूच म्हणाला, "आई, विद्या निघालाय."

अगदी सोमवारचाच आवाज. खरं सांगतानाही तोच लागला. आता हिला हेही खरं वाटणार नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. तेरा तास... पावणेतेरा. अंगठा पहिल्या पेरावर टेकवून तो मोजायला लागला.