विटा वाटणारी आई

‘गल्लीगोंधळ’चा तिसरा भाग दिवाळीच्या आत बाजारात यायचा होता. काम ठरल्यापेक्षा लांबलं होतं, म्हणून त्यातला एक छोटा खेळ काढून टाकायचा असं ठरलं. कुठला, ते अश्लेषानं सांगायचं होतं. उस्मानपुऱ्यातल्या, खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती खेळ तपासायला नवीनच आली होती. तिनं बोट ठेवलं ते ‘विटां’वर.

‘गल्लीगोंधळ’ म्हणजे टीव्हीसमोर चौघांनी बसून खेळायचा खेळ. फासे टाकायचे, सोंगटी पुढं न्यायची आणि मधेमधे असे छोटे खेळ खेळायचे. ‘विटां’मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला पडद्यावर एक उभा खड्डा येई. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडत. त्या फिरवून नीट बसवायच्या. अख्खी ओळ भरली की ती नाहीशी होई. ज्याचा ढीग वरपर्यंत पोचला, तो बाद.

‘‘जो पहिल्यांदा बाद होतो ना, तो मोबाइल काढून बसतो,’’ अश्लेषा म्हणाली. ‘‘आणि मग त्याला परत खेळात आणणं कठीण.’’

सत्यम सांडूनं मान हलवली. आधीच्या दोन्ही भागांतल्या ‘विटा’ त्यानंच रचल्या होत्या. तो वाद घालेल हे धरूनच ती बोलली होती.

‘‘बरोबर हाय तुमचं, मॅडम. आमची आई पण अशीच उठून जाती. त्याच्यावर कायतरी केलंय मी. पण हापिसात नाय कळायचं ते. इथं सगळे पट्टीचे खेळणारे. शनिवारी कन्नडला येता का घरी?’’

अश्लेषा गेली. एसटी वेरूळच्या गर्दीत बराच वेळ अडकली, त्यामुळं कन्नडच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा दुपार कलत आली होती. सत्यम गाडी घेऊन उभाच होता. घरी त्याचे वडील कारभारी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आधीच रिमोट हातात घेऊन बसले होते. बहीण अपेक्षा वायरी जोडत होती. आई वच्छलाबाई मात्र ‘‘मला काय येतंय त्यातलं’’ म्हणत दारातच उभ्या. शेवटी त्यांना ओढून बसवलं.

पहिला डाव सत्यमनं जुन्याच पद्धतीचा लावला. वच्छलाबाईंनी पदर खोचला, रिमोट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि विटा एकावर एक अशा चढवल्या की बघता बघता स्वतःच बाद झाल्या. त्यांनी रिमोट सतरंजीवर ठेवला.

‘‘चालू द्या तुमचं. मी चहा टाकते.’’

कारभारी, अपेक्षा आणि अश्लेषा खेळत राहिले. चहा आला तोवर डाव संपला होता, आणि कोण जिंकलं हे वच्छलाबाईंनी विचारलंसुद्धा नाही.

सत्यमनं नवीन डाव लावला. याही वेळी सगळ्यात आधी आईच बाद झाली आणि कप गोळा करायला उठू लागली.

‘‘आई, बस. आता विटा तू वाटायच्या.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘कुणाला कुठली द्यायची ते तू ठरवायचं. ही आडवी, ही वाकडी, ही लांबडी. बटण दाब फक्त.’’

वच्छलाबाईंनी भीतभीत बटण दाबलं. कारभारींच्या नीट रचलेल्या ढिगावर एक वाकडी वीट येऊन आडवी पडली.

‘‘अरं, ही कुणी टाकली?’’

‘‘मी,’’ वच्छलाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या एकदम सरसावून बसल्या.

पुढं खोलीत नुसता कल्ला झाला. ‘‘आई, मला लांबडी दे ना, एकच!’’ अपेक्षा ओरडत होती. कारभारी काकुळतीला आले. ‘‘अगं, इतका संसार केला तुझ्यासंगं, एक सरळ वीट देईनास व्हय?’’

‘‘सकाळी भाजीला नावं ठेवताना नाय आठवला संसार?’’ म्हणत त्यांनी आणखी एक वाकडी सोडली.

अश्लेषाचा खड्डा गळ्यापर्यंत भरला होता. पाहुणी म्हणून तिनं काही मागितलं नव्हतं. तेवढ्यात वरून लांबडी वीट आली, बरोबर फटीत बसली आणि चार ओळी एका झटक्यात गेल्या. तिनं चमकून वर पाहिलं.

‘‘तुम्ही काय मागितलं नाय ना, म्हणून दिली,’’ वच्छलाबाई म्हणाल्या.

खेळताखेळता अश्लेषाला आणखी एक गोष्ट जाणवली. कारभारींना सारख्या वाकड्याच पाठवायच्या म्हटलं तरी वच्छलाबाईंना ते जमत नव्हतं. दोन-तीन झाल्या की वाकड्या विटा संपत आणि सरळ द्यावीच लागे. संध्याकाळी स्टँडवर तिनं सत्यमला त्याबद्दल विचारलं.

‘‘मुद्दाम केलंय,’’ तो म्हणाला. ‘‘नायतर बाबा रुसतील. खेळ झाल्यावर जेवायला एकत्रच बसायचंय ना सगळ्यांना.’’

परतीच्या एसटीत ती त्या वाक्याचाच विचार करत होती. इतकी वर्षं तिनं खेळ तपासले होते ते वेग, रंग, गुण बघून. हरलेल्या माणसाचा इतक्या मायेनं केलेला विचार तिनं कुठल्याच खेळात पाहिला नव्हता.

सोमवारी मालक मंदारनं ‘विटा’ खेळून पाहिल्या. तो लगेच बाद झाला आणि मग विटा वाटत इतका रमला की फोन वाजत राहिला तरी उचलेना.

‘‘हा ठेवायचा,’’ तो म्हणाला. ‘‘पण मग काढायचा कुठला? वेळ तर नाहीच आपल्याकडं.’’

‘‘होड्यांची शर्यत,’’ अश्लेषा म्हणाली.

मंदार बघतच राहिला. होड्यांची शर्यत तिनं स्वतः सुचवली होती. आल्यापासून ती त्याच एका खेळावर खपत होती. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

सत्यमच्या कानावर गेलं तसा तो तिच्या टेबलापाशी आला. ‘‘मॅडम, होड्या लई चांगल्या झाल्या होत्या.’’

‘‘झाल्या होत्या,’’ ती म्हणाली. ‘‘पण विटांसारखं मला अजून जमत नाही.’’ तिनं खुर्ची उचलली आणि त्याच्या पडद्यासमोर नेऊन ठेवली. ‘‘त्या वाकड्या-सरळ विटांचं गणित कसं बसवलंस, ते पहिल्यापासून दाखव मला.’’