अध्यक्ष उताराला लागले

टेंभुर्णीच्या कॉलेजात स्केटबोर्डचा क्लब काढायचा म्हणून साक्षीनं वर्षभर प्राचार्य धर्मराज सरांचं डोकं खाल्लं, तवा कुठं सर तयार झाले. तेही अट घालून.

"उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येऊन राह्यले. त्यांच्यासमोर एक जरी माणूस पडला, तर क्लब तिथंच बंद. मला लफडं नको."

साक्षीनं सगळ्या पोरापोरींना दम भरला, "आज कुणी पडलं तर बघाच."

अध्यक्ष काकासाहेब आले. रोप देऊन स्वागत झालं, फेटा झाला, शाल झाली. मग त्यांनी व्हरांड्यापुढच्या सिमेंटच्या उतारावर ठेवलेला बोर्ड वाकून पाह्यला.

"नवी गाडी हाय ना? मंग लिंबं कुठंयत?"

"साहेब, ही गाडी न्हाई, खेळ हाय," साक्षी म्हणाली.

"चाकं हायत ना पोरी? नवा ट्रॅक्टर आणला तवा बी लिंबाबिगर म्या हालवला न्हाई."

कॅन्टीनमधून लिंबं आली. पुढच्या चाकांखाली दाबून बसवली. बोर्डाला हार घातला, नारळ फोडला.

"साहेब, वर उभं राहून एक फोटो होऊ द्या," धर्मराज सर लाडात आले.

"सर, नका," साक्षी कुजबुजली. "उतार हाय."

"साहेबांना शिकवती का? गप!"

साहेब सरांचा हात धरून चढले. लिंबांनी जरा वेळ त्यांचं वजन पेललं, मग जीव सोडला. चिळकांडी सरांच्या डोळ्यात गेली. सरांनी साहेबांचा हात सोडून डोळा धरला आणि बोर्ड सुटला.

"आरं, ब्रेक कुठंय ह्येला?"

असं ओरडत साहेब मैदानात उतरले. तिथं कॉलेज दरसाल ज्यात झाड लावतं तो खड्डा होता. बोर्ड काठाला अडला, साहेब अडले न्हाईत. बुडावर, बराबर मधोमध.

साक्षीला वाटलं, गेला क्लब! तेवढ्यात तिला टेबलावरचं स्वागताचं रोप दिसलं. ते उचलून ती पळत सुटली.

"साहेब, हे धरा. फोटो काढून राह्यले." मग ती कॅमेरावाल्या पोरावर ओरडली, "पप्पू, काढ की!"

फोटो म्हणताच साहेबांनी बसल्या जागी रोप धरून तोंड हसरं केलं. सरांनी उघड्या डोळ्यानं ते पाह्यलं आणि माइकवर झेप घेतली.

"अध्यक्षांच्या शुभहस्ते वृक्षारोपण संपन्न झालेलं आहे! टाळ्या!"

पोरांनी साहेबांना ओढून बाहेर काढलं. साक्षीनं माइकजवळ जाऊनच विचारलं, "सर, कुणी पडलं का?"

साहेबांनी माती झटकली. "कोण पडलं?"

"कोणीच न्हाई साहेब! बिलकुल न्हाई!" सर घाईनं म्हणाले.

"मंग चालू करा क्लब. आन त्या गाडीला ब्रेक बसवा."

क्लब चालू झाला, पण पर्यावरण विभागात. साक्षी रोज उतारावरून सुसाट येते आणि येता येता त्या खड्ड्यातल्या झाडावर बाटलीभर पाणी ओतते. झाड जगलं. आता सरांना नवाच घोर लागलाय, पुढच्या साली झाड लावायचं कुठं?