एका परवान्याची बत्तीस पिल्लं

कोचाबांबा शहरात रविवारी पाद्रिनो जेवायला येणार म्हटलं, की घरातली ठेवणीतली भांडी बाहेर निघतात. बाप्तिस्म्याला लेकराला हातावर घेणारा हा मानलेला बाप. त्याचा मान मोठा. त्या दुपारी नेलिदाच्या आईनं, ओर्तेन्सियाबाईंनी, शेंगदाण्याचं सूप केलं होतं. नेलिदाचे पाद्रिनो वाल्तेरसाहेब आले, त्यांनी हॅट खुंटीला अडकवली आणि नेलिदाच्या वाडग्याशेजारी एक कागद ठेवला.

"सही कर, पोरी. उद्या सकाळी तपासणीवाले येतायत."

'कार्यालयातील बत्तीसही संगणकांवरील प्रोग्रॅमचे परवाने घेतलेले आहेत, असे मी शपथेवर सांगते.' खाली तिचं नाव छापलेलं. नेलिदाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

खरं काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? वाल्तेरसाहेबांच्या विमा कचेरीत तिनंच एक संगणक नीट लावला होता आणि त्यांच्याच हुकमानं त्याची हुबेहूब नक्कल बाकी एकतीस संगणकांवर उतरवली होती. परवाना घेतलेला एकच. "सगळ्यांचे परवाने घ्या, नाहीतर फुकट मिळणारे प्रोग्रॅम तरी घालू द्या," असं तिनं तेव्हाच बजावलं होतं. ते हसले होते. "अगं, अख्खं गाव असंच चालतं!"

चालतं खरं. पण पकडलं गेलं की गाव नामानिराळं राहतं आणि सही करणारा अडकतो. नेलिदाच्या आधी संगणक सांभाळायच्या त्या खुर्चीवर एउसेबियो होता, तोही यांच्याच हातावर बाप्तिस्मा झालेला. लेकराला नोकरीला लावायचं आणि वेळ आली की त्याचीच मान पुढे करायची, ही यांची माया! एउसेबियो आता बाजारात मोबाइलची कव्हरं विकतो. असल्याच कागदावर सही केल्यामुळे शपथेवर खोटं सांगितल्याचा त्याच्यावरचा खटला अजून चालू आहे.

"पाद्रिनो, मी सही करणार नाही."

"या हातांवर घेतलं होतं तुला! हे पांग फेडलेस?"

"कर गं बाई," आई कळवळली. "त्यांना असं तोंडावर नाही म्हणतात का?"

"आई, एउसेबियोच्या आईनंही त्याला हेच सांगितलं होतं."

ओर्तेन्सियाबाईंचा पळीवरचा हात थांबला. एउसेबियोची आई चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसे, आणि हल्ली कुणाकडे मान वर करून बघत नसे.

"कोम्पाद्रे," लेकीच्या मानलेल्या बापाला आईनं मारायची ती हाक मारून त्या सावकाश म्हणाल्या, "कचेरी तुमची, संगणक तुमचे. मग सही तुमचीच का नको?"

"माझी? वेड लागलंय का? उद्या मी अडकलो तर..."

नेलिदानं कागद उलटा केला, मागं लिहिलं, 'संगणक बत्तीस, परवाना एक. नकला मी केल्या, मालकांच्या सांगण्यावरून.' खाली सही केली.

"ही घ्या. उद्या हीच दाखवणार."

"उद्यापासून कचेरीत पाऊल टाकायचं नाही!" वाल्तेरसाहेबांनी कागदाकडे हात टाकला. त्याआधीच ओर्तेन्सियाबाईंचा तळवा कागदावर पडला होता.

"सूप निवतंय, कोम्पाद्रे. जेवायचं तर जेवा. कागद इथंच राहील."

ते न जेवताच गेले. नेलिदाची नोकरी सुटली, पण खोट्या शपथेच्या फासातून मान सुटली. वाचकहो, असा कागद आपल्याही कचेऱ्यांत कुणापुढे तरी सरकवला जातोच. त्यावर तळवा ठेवायला आपल्यापैकी कोण उठतं?