मेहकची फरशी

बारावीतल्या मेहकचा गणितातला नवा सिद्धांत पुण्याच्या एका नियतकालिकात छापून येणार, हे कळल्याबरोबर गल्लीतल्या तालमीनं चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर तालमीचे अध्यक्ष सयाजीराव पुरुषभर आणि मेहक कोपऱ्यात तिकिटाएवढी होती, पण ते असो.

सिद्धांत फरशीचाच होता. तिचे अब्बा मौलाली फरशी बसवायचे आणि उरलेल्या तुकड्यांशी खेळतच ती वाढली होती. सात चौकोन जोडून केलेल्या एका वाकड्या फरशीनं, लांबी-रुंदी दोन्ही विषम असलेली जागा कापाकापी न करता भरूच शकत नाही, असं तिनं दोन वर्षं खपून सिद्ध केलं होतं.

सयाजीरावांना यातलं ओ की ठो कळलं नाही. तरी त्यांनी फर्मान काढलं, तालमीचा नवा व्हरांडा मेहकच्याच फरशीनं सजवायचा आणि सत्कार तिथंच करायचा. मेहकनं मोजायचा टेप लावला. एकवीस चौकोन बाय पंचवीस.

"काका, हितं न्हाय बसायची. तेच तर मी सिद्ध केलंय."

"तुझा बा हाय की. बसवंल त्यो."

मौलालींनी पंच्याहत्तर वाकड्या फरशा घडवल्या. लेकीच्या मानाचं काम, बसवताना कटर लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट. चार दिवस गुडघ्यावर बसून फिरव, उचल, परत लाव. पाचव्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं.

"बसली बघ. एक बी कापली न्हाय."

मेहकनं तीनदा मोजल्या. दोन वर्षांची मेहनत पायाखाली पसरली होती. तिला रडू फुटलं आणि मौलालींना वाटलं, पोरीला आनंद मावेना.

पुण्याचं कोण कशाला येतंय तालमीचा व्हरांडा बघायला? गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. पण मेहकनं त्याच दुपारी लेख मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी फेटा, शाल, नारळ झाल्यावर तिनं माईक घेतला. "माझा सिद्धांत चुकलाय. पुरावा तुमच्या पायाखाली हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सयाजीराव गहिवरले. "बघा, एवढी हुशार, पण गर्व हाय काय?"

मौलाली तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ती खाली उतरल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"माझ्यामुळं चुकलं व्हय? एखादी फोडू काय? कुणाला कळायचं न्हाय."

मेहकनं डोळे पुसले आणि ती शाल, नारळ बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.

"फोडू नका, अब्बा. कशी बसवली ते सांगा. पहिलीपासनं."