न धुतलेला अंगठा

“झाकण लावत जा गं बायांनो, शाई वाळंल!” सरजाबाईंचा हा आवाज मला अजून आठवतो. मित्रांनो, मी एक जुनी शाईची डबी आहे, अंगठे उठवायची.

परभणीच्या एका जिनिंग कारखान्यात बाया कापूस निवडत. गेल्या वर्षी, १९७४ साली, त्यांनी युनियन काढायचे ठरवले, तेव्हा त्यांच्यातल्याच सरजाबाईंनी मला आणून आपल्या देवळीत, समईशेजारी ठेवले. अंघोळ केल्याशिवाय त्या मला शिवत नसत.

पहिला अंगठा पंचफुलाचा. सरजाबाईंनी तिच्या तळहातावर तुळशीचे पान ठेवले, “एकमेकीला सोडायचं न्हाई,” असे वदवून घेतले, मग पुसायला फडके दिले.

“पुसू कशी, अक्का? शपथेचा अंगठा हाय. व्रताचा दोरा कोणी तोडतं का?”

तिने तो तीन दिवस धुतला नाही. चौथ्या दिवशी फाटकात मुकादम दत्तरावांना तो निळा अंगठा दिसला.

“लय मोठी पुढारी झालीस व्हय? जा, घरी बसून निळ्या भाकरी थाप!”

काम गेले. पंचफुला भावाकडे चुडाव्याला निघाली. सरजाबाई म्हणाल्या, “तुला परत कामावर घेतलं की मी सोता न्यायला यीन.”

नंतर बाया भ्याल्या. यादीत सातच अंगठे, आठवा येईना. माझी गादी वाळली. समई रोज लागे, सरजाबाई हात जोडत आणि माझ्याकडे न बघताच उठत. झाकणाखाली फार अंधार असतो, मित्रांनो.

दिवाळीनंतर हंगाम भरात आला. एका सकाळी म्हाताऱ्या धुरपताबाई आल्या. “लाव माजा. आन् मीबी धुणार न्हाई. लेकरू एकटंच निळं का?”

सरजाबाईंनी माझ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. संध्याकाळपर्यंत एकवीस जणी आल्या. दुसऱ्या दिवशी फाटकात सगळे अंगठे निळे, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. दत्तराव कुणाकुणाला काढणार? ते बाजूला झाले.

संक्रांतीपर्यंत यादी शंभरावर गेली. पहिली मागणी पंचफुलाला परत कामावर घेण्याची होती. काल मालकाने ती कबूल केली.

आता युनियनच्या खोलीत नवी डबी आहे. माझ्याकडे कोणी येत नाही. जुनी वस्तू वाळली म्हणून टाकू नका, मित्रांनो. आणि सर्वांआधी जिने हात पुढे केला, तिला विसरू नका.

आज सरजाबाईंचा सोमवार. त्यांनी निरंकार, पाणीही न घेता, समई लावली, तुळशीचे एक पान पदरात बांधले, माझे झाकण नीट दाबले. मग दाराला कडी घालून त्या एकट्याच स्टेशनाकडे, चुडाव्याच्या गाडीला निघाल्या.